उद्याची उचल



युनियनचा माणूस अमेरिकेतल्या फुटबॉलवर काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. पण उद्याच्या श्रमाचा सौदा आजच कसा होतो, हे मी ऊसतोड्यांच्या कोपीपासून कारखान्याच्या दारापर्यंत पाहत आलो आहे. तोच सौदा या खेळाच्या इतिहासात मला साहेबी पोशाखात भेटला.

आधी रीत सांगतो. तिकडे कॉलेजातून बाहेर पडणारा खेळाडू आपला संघ निवडत नाही. संघ त्याला निवडतात. याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. गेल्या हंगामात जो तळाला, त्याची निवड पहिली. ही कल्पना फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांची. दुबळ्याला बळ मिळावे हा हेतू होताच. पण एका खेळाडूसाठी दोन मालकांनी बोली वाढवू नये, ही सोयही होती. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी पहिला ड्राफ्ट झाला. पहिले नाव पुकारले गेले जे बरवँगर यांचे. फिलाडेल्फियाने त्यांच्यावरचा हक्क शिकागोला देऊन टाकला. बरवँगर मात्र व्यावसायिक सामना एकही खेळले नाहीत. माणूस मैदानात उतरलाच नाही, पण त्याच्यावरचा हक्क हातोहात फिरला!

पुढे अजून न पिकलेल्या पिकाचेही सौदे होऊ लागले. पुढल्या वर्षीचा निवडहक्क देऊन आजचा घ्यायचा, किंवा आजचा कसलेला खेळाडू. १९७१ साली वॉशिंग्टनचे शिक्षक झालेले जॉर्ज ॲलन यांचा मंत्रच होता, की भविष्य म्हणजे आज. हक्क देत त्यांनी मुरलेले खेळाडू गोळा केले आणि जानेवारी १९७३ मध्ये संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. तो सामना हरला. १९७७ च्या हंगामानंतर ॲलन गेले. पहिल्या फेरीचा हक्क वापरायला वॉशिंग्टनला १९८० साल उजाडावे लागले. उचल एकाने घेतली, फेडली दुसऱ्याने.

उलट उदाहरण डॅलसचे. ऑक्टोबर १९८९ मध्ये त्यांनी आपला सर्वांत मोठा खेळाडू हर्शल वॉकर मिनेसोटाला दिला. बदल्यात खेळाडू मिळाले, आणि पुढील तीन वर्षांचे पहिल्या व दुसऱ्या फेरीचे हक्कही. त्या हंगामात डॅलसने १६ पैकी एकच सामना जिंकला. पण १९९२, १९९३ आणि १९९५ या हंगामांचे विजेतेपद त्यांचे. मिनेसोटाला वॉकरसह अंतिम सामना गाठता आला नाही.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अशा सौद्यांचा हिशेब मांडून २०१३ साली प्रसिद्ध केला. आजच्या हक्कासाठी संघ उद्यावर वर्षाला सुमारे १३६ टक्के व्याज मोजतात, असे त्यात निघाले. शंभराचे वर्षात दोनशे छत्तीस! आपल्याकडे सवाई-दिढीने कुळे बुडाली. पण व्याज मुदलाहून अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा दंडक तरी होता. इथे तोही मोडतो. कारण उघड आहे. ज्याची नोकरी या हंगामाच्या निकालावर टांगली आहे, त्याला तीन वर्षांनंतरच्या हंगामाचे काय?

आता आमच्या घरातले बोलतो. वॉशिंग्टननेच १९६८ मध्ये निवडलेला जेम्स स्मिथ पहिल्याच हंगामाच्या अखेरीस मानेला दुखापत होऊन कायमचा बाहेर पडला. त्याने ड्राफ्टवर दावा लावला, आणि १९७६ साली न्यायालयाने ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही असे म्हटले. पण १९७७ मध्ये खेळाडूंच्या युनियननेच करारावर सही करून ड्राफ्ट मान्य केला. सही करणारे आधीच संघात होते. ज्यांची निवड पुढे व्हायची होती, ती पोरे टेबलाशी नव्हती.

त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. एका करारात जुन्या कामगारांची पगारवाढ मिळवताना, नवी भरती कंत्राटी राहील या कलमाखाली मीही सही केली आहे. गेटसभेत त्या दिवशी मला हार पडले. काही वर्षांनी त्याच गेटवर एका कंत्राटी पोराने विचारले, “साहेब, आमच्या वतीने तिथे कोण बसलं होतं?”

मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून करारावर सही करण्यापूर्वी मी तो प्रश्न टेबलावर ठेवतो. आपणही आपापल्या घरी, संस्थेत, गावात तो ठेवावा, एवढीच विनंती.