चिठ्ठी वाचणारे काकाजी आणि मोबाईलवरची लग्नपत्रिका

आज जरा लांब लिहितो आहे, सवडीनं वाचा. आपल्या या पानावर जुन्या शाळेच्या, बाजाराच्या, छोट्या रेल्वेच्या आठवणी येत असतात. मी आमच्या हट्ट्यात चिठ्ठीपासून मोबाईलपर्यंत काय काय आलं आणि त्याबरोबर काय गेलं, ते लिहितो. शेवटी घरातलीच एक गोष्ट आहे. ती काकाजींना विचारून लिहितो आहे. ते म्हणाले, "लिही बापू, पण माझं नाव नको टाकू."

हट्टा म्हटलं की बाहेरचे लोक बावडीबद्दल विचारतात. गोंड राजांच्या काळातली ती दगडी बावडी. पायऱ्या उतरत गेलं की खाली खांबांचे मजले आणि तळाशी पाणी. आजा सांगायचा की पाणी भरायची जागा म्हणजे गावाच्या बातमीची जागा. कोण आलं, कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं, सगळं तिथंच कळायचं.

आमच्या घरात पोवारी, शाळेत हिंदी आणि गोंदिया-नागपूरच्या सोयऱ्यांमुळे मराठी. 1956 च्या आधी बालाघाट आणि भंडारा एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. पुढे बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, भंडारा मुंबई राज्यात गेलं. पण सोयरिक काही नकाशा पाहून होत नाही. चिठ्ठ्या येत त्या याच तीन भाषांत, आणि तिन्ही वाचू शकणारे वाड्यात एकच, आमचे काकाजी. ते शाळेत मास्तर होते.

कोणी भिलाईच्या कारखान्यात, कोणी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत, कोणी नागपुरात. त्यांच्या चिठ्ठ्या आल्या की बाया पदराखाली झाकून काकाजींकडे आणायच्या. काकाजी आधी पूर्ण चिठ्ठी मनात वाचत, मग मोठ्यानं. वाईट बातमी असली की आम्हा पोट्ट्यांना म्हणायचे, "जा, विहिरीवरून पाणी आणा." तेवढ्यावरून आम्ही ओळखायचो. तार आली तर मजकूर कळायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. ती तार 2013 च्या जुलैमध्ये देशातूनच बंद झाली, तेव्हा काकाजी म्हणाले, "बरं झालं, तिनं कधी चांगली बातमी आणली नाही."

मग रेडिओ. आताच्या पोरांना खरं वाटत नाही, पण रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागे आणि दरवर्षी पैसे भरावे लागत. आमच्या वाड्यात एकच रेडिओ होता, तो ओसरीवर लागे आणि अर्धी गल्ली ऐके. नागपूर केंद्र स्पष्ट लागायचं. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या 1 नोव्हेंबर 1967 पासून, आणि सुरुवातीच्या केंद्रांत मुंबई-पुण्याबरोबर आपलं नागपूर होतं. म्हणजे जाहिरातीच्या बाबतीत आम्ही काही मागासलेले नव्हतो बरं!

पण ती जाहिरात सगळे एकत्र ऐकत. केसाच्या तेलाची जाहिरात लागली की कोणीतरी टक्कल असलेल्या माणसाकडे बोट दाखवून म्हणे, "यांच्यावर आधी लावून पाहा म्हणा." सगळे हसायचे. तिथल्या तिथं जाहिरातीचा निकाल लागायचा. भिंतीवर गेरूनं रंगवलेल्या खताच्या आणि बिडीच्या जाहिरातींचंही तसंच. सगळ्यांना एकच दिसे, त्यामुळे सगळे तिच्यावर बोलू शकत.

फसवणारे तेव्हाही होते. बाजारात सोन्याचं पाणी दिलेली अंगठी विकणारे, सगळ्या रोगांवर एकच मुळी देणारे. पण बाजारात चार माणसं बाजूला उभी असत. कोणी ना कोणी कोपर मारून म्हणे, "नको घेऊ."

टेलिफोन आला तोही असाच. सी-डॉट 1984 मध्ये स्थापन झालं, त्यांनी खेड्यातली धूळ आणि उन्हाळा सोसतील अशी छोटी एक्स्चेंज बनवली, आणि त्यानंतर देशभर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ उभे राहिले. रात्री अकरानंतर पाव दर लागे म्हणून लोक जेवून, झोप मोडून रांगेत बसत. काचेच्या खोक्यात बोलणाऱ्याचे डोळे लाल आकड्यांच्या मीटरवर. पीसीओवाला भाऊ अनोळखी नंबर पाहिला की विचारायचा, "कोणाले लावता काका? कशाले?"

यातलं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. चिठ्ठी दुसऱ्यानं वाचणं म्हणजे सासरचा जाच माहेरी लिहिता न येणं. पीसीओत पोरगी दोन मिनिटं जास्त बोलली की चार दिवस गावभर चर्चा. माझ्या मोठ्या बहिणीनं एकदा मला सांगितलं, "तुमचे ते सोन्याचे दिवस आमच्यासाठी नव्हते. हातात आपला फोन आला तेव्हा पहिल्यांदा मायशी मोकळं बोलली." हे खरं आहे. ते विसरून जुन्या दिवसांची आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

मोबाईल आला तेव्हा आमची गंमत वेगळीच होती. आम्ही सीमेवरचे. बाघ नदी ओलांडली की महाराष्ट्र, आणि फोनवर रोमिंग! सकाळी गोंदियाला जाऊन संध्याकाळी परत यायचं, तर तेवढ्यात बॅलन्स अर्धा. देशात 2003 मध्ये येणारा कॉल फुकट झाला, पण रोमिंगमध्ये त्याचेही पैसे कापत. म्हणून लोक नदीच्या अलीकडेच फोन बंद करत, किंवा मिस्ड कॉलची भाषा ठरवून घेत. एक वाजला की पोचलो, दोन वाजले की स्टेशनवर या. सोयऱ्यांनी दोन दोन सिम ठेवले. दोन सिमचा फोन शहरात शौक असेल, आमच्याकडे गरज होती.

मग 2016 आलं. एप्रिलमध्ये यूपीआय, सप्टेंबरमध्ये जिओ, नोव्हेंबरमध्ये नोटबंदी. एका वर्षात फोन स्वस्त झाला, नेट जवळपास फुकट झालं, आणि पैसा फोनमध्ये शिरला. पोस्टमन, पीसीओवाला आणि मास्तर, तिघंही मधून बाजूला झाले. आता आपण आणि स्क्रीन. मधे कोणी नाही.

तेव्हापासून पारावर फोनबद्दल जी मतं ऐकतो, ती थोडी लिहितो. तुमच्याकडेही हीच असतील.

पहिलं मत: "फोन आपलं बोलणं ऐकतो." काकाजींनी एकदा धानावरच्या तुडतुड्याबद्दल शोधलं, आणि आठवडाभर कीटकनाशकाच्या जाहिराती. त्यांना वाटलं, ओसरीवरचं बोलणं कोणी ऐकतं आहे. मी सांगितलं, ऐकायची गरजच पडत नाही काकाजी. तुम्ही काय शोधलं, कुठं थांबलात, कोणत्या व्हिडिओवर किती वेळ राहिलात, तुम्ही कोणत्या भागात आहात, हे सगळं तुम्हीच देता. त्यावरून जाहिरात लागते. ते म्हणाले, "म्हणजे माझी जाहिरात फक्त मलेच दिसते? मग हसायचं कोणासोबत?" तेव्हा मी हसलो. आता त्या वाक्याचा अर्थ जास्त कळतो.

दुसरं मत: "आपल्याजवळ आहेच काय चोरायले?" पेन्शन आहे, धानाचे पैसे आहेत, किसान निधी आहे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे नाव आहे. हे मला नंतर कळलं.

तिसरं मत: "बटनवाला फोन बरा." अ‍ॅपपासून बरा, हो. पण ओटीपी विचारणारा माणूस बटनवाल्या फोनवरही बोलतो.

चौथं: "ती फ्रॉडची ट्यून डोकं खाते." अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली सूचना प्रत्येक कॉलच्या आधी वाजायची, तेव्हा सगळे वैतागले होते. काकाजी तर सर्वांत जास्त.

आता घरची गोष्ट.

2025 च्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, काकाजींच्या फोनवर एका ओळखीच्या नंबरवरून पत्रिका आली. खाली एक फाईल. फोटो असता तर तिथंच उघडला असता, पण ही फाईल अ‍ॅपची होती, शेवटी 'एपीके' लिहिलेलं. फोननं इंग्रजीत तीनदा विचारलं. काकाजींना हिंदी, मराठी, पोवारी येते, इंग्रजी बेताचंच. लग्न कोणाचं आहे ते बघायचं म्हणून त्यांनी तीनदा 'अलाऊ' दाबलं. पत्रिका उघडलीच नाही. त्यांना वाटलं नेट स्लो आहे.

अशा अ‍ॅपचं काम सोपं असतं. मेसेज वाचायची परवानगी एकदा मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्या आधी चोराकडे पोचतो. दोन दिवसांत 1 लाख 38 हजार गेले.

काकाजींनी अकरा दिवस कोणालाच सांगितलं नाही. घरात नाही, मला नाही. आम्हाला कळलं ते किराणा दुकानदाराकडून. तो माझ्या भावाला सहज बोलला, "मास्तरांनी पहिल्यांदा उधार मागितलं, सगळं ठीक आहे ना?"

मी नागपूरहून निघून आलो. ओसरीवर बसलो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बापू, गावाच्या चिठ्ठ्या मी वाचल्या. मलेच वाचता नाही आलं, हे कोणाले सांगू? लाज वाटली रे."

पण खरं दुःख पुढेच होतं. त्या अ‍ॅपनं तीच पत्रिका काकाजींच्या नंबरवरून त्यांच्या यादीतल्या लोकांना पाठवली होती. मास्तरांकडून आलेली पत्रिका! कोण शंका घेणार? दोन-तीन घरांत पोरांनी ओळखून पुसून टाकली. पण पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईनं उघडली. नवरा नाही, शिवणकाम करते. तिचे सात हजार गेले. तिच्या सासूच्या चिठ्ठ्या काकाजींनी वर्षानुवर्षे वाचल्या होत्या. तीही गप्प बसली होती, कारण मास्तरांवर आळ कसा घ्यायचा?

तिचे पैसे गेले ते काकाजींच्या फसवणुकीनंतर सहाव्या दिवशी. काकाजी पहिल्याच दिवशी ओसरीवर येऊन ओरडले असते तर ते वाचले असते. हे मी त्यांना बोललो नाही. ते स्वतःच बोलले.

आम्ही 1930 वर कॉल केला, तक्रार नोंदवली, बँकेत अर्ज दिला. तिथं तारखा विचारल्या आणि आमचा चेहरा उतरला. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळतो. लगेच कळवलं तर मधेच गोठवता येतो, अकरा दिवसांनी तो कुठला सापडायला! तेव्हा रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक लागू होतं. चूक आपली नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान आपल्यावर येत नसे. चूक आपली असली तरी, कळवल्यानंतर जे जायचं ते बँकेवर. म्हणजे दोन्हीकडं महत्त्व लवकर कळवण्याला आहे, आणि लाज नेमकी तिथंच आडवी येते. आमच्या हाती काही आलं नाही. काकाजींनी धान विकून त्या बाईचे सात हजार परत केले. ती घेत नव्हती. त्यांनी ते तिच्या शिलाई मशीनवर ठेवले आणि निघून आले.

लहानपणी छोट्या रेल्वेनं गोंदियाहून हट्टा रोडला यायचो तेव्हा एक गोष्ट बघायचो. एकेरी लाईन. स्टेशनवर वेताच्या मोठ्या रिंगला बांधलेली चामड्याची पिशवी ड्रायव्हरच्या हातात यायची. तिच्यात पुढच्या स्टेशनपर्यंत जायची परवानगी. ती हातात आल्याशिवाय गाडी हलायची नाही, कितीही उशीर झाला तरी. आणि ती परवानगी एकटा स्टेशन मास्तर देत नसे, आधी पुढच्या स्टेशनला विचारून मगच देत असे. मी काकाजींना म्हटलं, ओटीपी आणि अलाऊ म्हणजे तीच पिशवी. पुढच्या स्टेशनला विचारल्याशिवाय द्यायची नाही. त्यांना ते लगेच पटलं. शेवटी मास्तरच ते.

आता आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी काकाजी बसतात. ज्याला मेसेजची शंका असेल तो फोन घेऊन येतो. इंग्रजीसाठी माझी पुतणी शेजारी असते, ती अकरावीत आहे. नियम तीनच आहेत. फोटो किंवा पीडीएफ नसलेली पत्रिका उघडायची नाही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. आणि फसलात तर आधी 1930 लावा, मग इथं या, कोणी हसणार नाही. तिसरा नियम काकाजींचा. कोणी आलं की सुरुवात ते स्वतःच्या अकरा दिवसांपासून करतात, लपवत नाहीत. परवा तीच शिवणकाम करणारी बाई फोन घेऊन आली होती. विजेचं बिल थकलं म्हणून लिंक आली होती. काकाजींनी चष्मा लावला, आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं.

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर खाली लिहा. नाव नका टाकू, पण लिहा. गप्प नका बसू.