आल्याची कुळकथा

भगिनींनो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वसईचा किल्ला आणि १७३९ सालचा चिमाजी आप्पांचा विजय उभा राहतो. परंतु आपण रोज ठेचतो त्या आल्याच्या तुकड्यालाही इतिहास आहे. मंडळाच्या या वर्धापनदिनी तोच थोडक्यात सांगते.

आपल्या गासच्या शेजारचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथील बौद्ध स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरून काढला. बौद्ध भिक्षूंच्या विनयग्रंथात आजारपणासाठी ज्या मुळ्यांना परवानगी आहे, त्यांत हळदीच्या जोडीला ‘सिंगिवेर’ आहे. हेच आपले आले, संस्कृतात शृंगवेर. हे नाव व्यापाराबरोबर पश्चिमेस गेले आणि ग्रीकांकडे ‘झिंगिबेरिस’ झाले. इंग्रजी ‘जिंजर’ त्याच कुळातला. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने आले उष्ण, पाचक व पोटास हितकर म्हणून नोंदवले. पुढे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानेही १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात आल्यावर लिहिले.

आपल्या वैद्यांनी तर सुंठीला ‘विश्वभेषज’ म्हटले. सुंठ, मिरे व पिंपळी मिळून त्रिकटू होते. जेवणाआधी मीठ लावलेले आले खावे, आमवातात सुंठ द्यावी, हेही त्यांनीच सांगितले.

ग्रंथ वैद्यांनी लिहिले खरे, पण घरोघरी प्रमाण सांभाळले ते बायकांनी. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. बाळंतिणीच्या लाडवात सुंठ किती घालावी, हे त्या चिमटीने ठरवीत. पित्ताच्या माणसाला आले देत नसत. ‘सूज दोन दिवसांत उतरली नाही, तर डॉक्टरकडे न्या,’ असे त्या बजावीत.

आज आल्याच्या गोळ्या बाटलीत मिळतात. आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या द्रव्याचा. आले वाळले की त्यातील काहीचे शोगाओल होते, म्हणून सुंठ अधिक झोंबते. गर्भारपणातील मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, असे अलीकडच्या चाचण्यांत आढळले आहे. गुडघ्यांच्या दुखण्यात मात्र मिळणारा आराम बेताचाच. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत. सुंठीवाचून खोकला गेला तर उत्तमच. पण सुंठीच्या भरवशावर दुखणे अंगावर काढू नये.

बाटलीवर मात्रा छापलेली असते. सासूबाईंची चिमूट कोठेच लिहिलेली नाही. त्या गेल्या, तिच्यातले निम्मे त्यांच्याबरोबर गेले. म्हणून माझी विनंती आहे, की मंडळाने एक वही घालावी आणि आपल्या वाड्यांतील वडीलधाऱ्या बायकांकडून अशी प्रमाणे, त्यांच्या वर्ज्यावर्ज्यासह, लिहून घ्यावीत. पहिले पान मी लिहून देते.