शिडाची शिवण

मराठी आरमाराच्या पराक्रमाचे श्रेय आम्ही सरखेलांना देतो, तोफांना देतो. शीड शिवणारे हात मात्र आमच्या स्मरणात राहत नाहीत. आंग्र्यांच्या गलबतांचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. शत्रुपक्षाचीच ही साक्ष, म्हणून तिचे मोल अधिक! भार सहसा ७० टनांच्या आत, वजन वाचावे म्हणून काहींवर चिरलेल्या बांबूंची तक्तपोशी, मुख्य डोलकाठीवर एकच विशाल त्रिकोणी शीड. आणि वारा पडलाच तर ४०-५० वल्ही. हातमागाचे कापड अरुंद. तेव्हा सुती पट्टे एकमेकांस जोडून, कडेने दोर टाचून शीड सिद्ध करावे लागे. टाका ताणला गेला की ते वारा नीट धरीत नसे. वसई-उत्तनच्या आमच्या कोळी बांधवांच्या होड्याही शिडांवरच चालत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंजिने आली आणि कोळीवाड्यांतील ती सुई हळूहळू मागे पडली.