धातूच्या मुद्रित भागांचा खडबडीतपणा कसा मोजतात?

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, अर्थात इस्रोने, ९ मे २०२४ रोजी त्रिमितीय मुद्रणाने घडवलेल्या पीएस-४ इंजिनाची ६६५ सेकंदांची प्रज्वलन चाचणी यशस्वीरीत्या पूर्ण केली. पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यातील या इंजिनाच्या १४ भागांचा एकच भाग झाला, १९ जोड टळले आणि ५६५ किलो धातूऐवजी १३.७ किलो भुकटी पुरेशी ठरली. मात्र अशा रीतीने घडवलेल्या भागांचा पृष्ठभाग यंत्रावर कातलेल्या भागाइतका गुळगुळीत नसतो. त्यामुळे त्याचे मोजमाप महत्त्वाचे ठरते.

खडबडीतपणाची कारणे

या पद्धतीत धातूच्या भुकटीचा पातळ थर पसरून लेसर किरणाने हवा तेवढाच भाग वितळवतात. थराची जाडी साधारणतः २० ते ६० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिरप्या बाजूंवर थरांच्या पायऱ्या उमटतात आणि अर्धवट वितळलेले कण चिकटून राहतात. खालच्या बाजूस वितळत्या धातूला केवळ सैल भुकटीचा आधार असल्याने तेथे खडबडीतपणा अधिक असतो.

मोजमापाच्या पद्धती

प्रचलित पद्धतीत हिऱ्याचे टोक असलेली सुई पृष्ठभागावरून सरकवतात. मध्यरेषेपासूनच्या चढउतारांच्या सरासरीला 'आरए' म्हणतात. घासून तयार केलेल्या पृष्ठभागावर हे मूल्य बहुधा एक मायक्रॉनपेक्षा कमी, तर मुद्रित भागावर अनेकदा ५ ते २० मायक्रॉन असते. आरए १० मायक्रॉनहून अधिक असल्यास प्रचलित मानकांनुसार ४० मिलिमीटर लांबी मोजावी लागते. लहान भागांवर एवढी सलग जागा मिळत नाही. शिवाय चिकटलेल्या कणांखालच्या पोकळीत सुई शिरू शकत नाही.

प्रकाशीय उपकरणे पृष्ठभागाला स्पर्श न करता रेषेऐवजी संपूर्ण क्षेत्राचे मापन करतात. त्यासाठी आयएसओ २५१७८ हे मानक आहे. आतील बंद वाहिन्यांसाठी क्ष-किरणांच्या सीटी स्कॅनचा आधार घेतला जातो. मात्र भाग जितका मोठा व धातू जितका घन, तितके सूक्ष्म तपशील टिपणे अवघड होते.

सरासरीची मर्यादा

वारंवार ताण सोसणाऱ्या भागात एखाद्या खोल खाचेतूनही तडा सुरू होऊ शकतो. अशा एका खाचेने आरए फारसा बदलत नाही. म्हणूनच शिखर ते दरी अशी उंची दर्शवणारे 'आरझेड', मापनाची दिशा आणि भागावरील जागा यांची नोंदही आवश्यक असते.