दाताच्या खुर्चीभोवतीचं घड्याळ

आजचा भाग माझ्या दाढेपासून सुरू होतो. रूट कॅनलसाठी खुर्चीवर आडवा होतो. तोंड सुन्न, डोळे उघडे. डॉक्टरांना मध्येच वेगळी फाइल हवी होती. त्यांनी रक्त लागलेल्या ग्लोव्हनेच ड्रॉवर ओढला, दोन-तीन डब्या चाळल्या आणि हात पुन्हा माझ्या तोंडात. मनात आलं, माझ्या आधीच्या पेशंटच्या वेळीही हा ड्रॉवर असाच उघडला असेल तर? हेपटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान 7 दिवस टिकतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं नाही तेच बरं!

घरी येऊन या खोलीचा इतिहास वाचत बसलो.

दाताचे डॉक्टर पूर्वी उभ्यानेच काम करायचे. पेशंट बसलेला, डॉक्टर वाकलेला. 1871 मध्ये अमेरिकेत जेम्स मॉरिसन यांनी शिलाई मशीनसारखं पायाने चालवायचं ड्रिल आणलं. म्हणजे आता एक पायही कामाला लागला. अवजारं शेजारच्या कपाटात, आणि ती काढायला माणूस एकच.

ही खोली खरी बदलली 1957 नंतर. जॉन बोर्डन यांचं हवेवर फिरणारं ड्रिल आलं, मिनिटाला सुमारे 3 लाख फेरे. एवढ्या वेगाने दात तापतो, म्हणून त्यावर पाण्याचा फवारा हवा. फवारा आला की तोंड पाण्याने भरतं. दर मिनिटाला पेशंटला उठवून थुंकायला लावलं तर काम व्हायचं कधी? म्हणून पाणी ओढणारी नळी आली, ती धरायला दुसरा माणूस आला, पेशंट आडवा झाला आणि डॉक्टरांना बसायला स्टूल मिळालं. याला नाव पडलं चार हातांची दंतचिकित्सा.

आता जरा डोळ्यांपुढे घड्याळ आणा. पेशंटच्या डोक्याशी 12, पायांकडे 6. उजव्या हाताचे डॉक्टर 7 ते 12 मध्ये बसतात, असिस्टंट 2 ते 4 मध्ये. 4 ते 7 मध्ये, म्हणजे हनुवटीखाली छातीवर, अवजार या हातातून त्या हातात जातं. उरलेल्या 12 ते 2 मध्ये ट्रॉली. कुणीच उठायचं नाही, आणि डॉक्टरांची नजर तोंडावरून हलायची नाही.

जपानमध्ये राहणाऱ्या डॅरिल बीच या अमेरिकन डॉक्टरांनी तर झोपलेल्या पेशंटभोवतीच सगळी मांडणी बसवली. त्यांच्या विचारातून मोरिता कंपनीची खुर्ची 1964 मध्ये आली. बाइकचा गिअर आपण खाली बघून टाकतो का? अवजारही तसंच, न बघता हाताला लागलं पाहिजे.

पुढे एचआयव्हीची भीती आली. 1986 मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने दातांच्या दवाखान्यांसाठी संसर्ग रोखण्याच्या सूचना काढल्या. आता ट्रॉली कुठे ठेवली यापेक्षा कोणता हात कुठे लागला, हे महत्त्वाचं झालं.

पण हे सगळं वीज आणि असिस्टंट गृहीत धरून. जिथे दोन्ही नाहीत तिथे? 1980 च्या दशकात टांझानियात एक पद्धत तयार झाली: ड्रिल नाही, हाताच्या अवजारांनी किडका भाग खरवडायचा आणि सिमेंट भरायचं. पेशंट बाकावर झोपला तरी चालतो, डॉक्टर डोक्याशी बसतात. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती उचलून धरली. आपल्या जंगलपट्ट्यातल्या शाळेच्या बाकावरही हे जमेल, नाही का?

उरलेली दाढ मी सावलीतच दुसऱ्या मॅडमकडे केली. खोली लहान, असिस्टंट ताई एकच. त्या प्रत्येक कामाचा ट्रे पेशंट आत यायच्या आधीच लावून ठेवतात. एक डबा वेगळा होता, त्यात लहान मुलांचे छोटे आरसे. मी म्हटलं, "मॅडम, इथे एवढी लहान मुलं येतात?"

"मुलांसाठी नाही रे," त्या म्हणाल्या. "खर्रा खाणाऱ्यांसाठी. तोंड दोन बोटंच उघडते त्यांचं. मोठा आरसा जातच नाही आत. मग तेव्हा शोधत बसू का?"

मी धीर करून विचारलं, मध्येच काही लागलं तर ड्रॉवर कोण उघडतं? मॅडमनी मानेनेच ताईंकडे खूण केली. ताईंनी ग्लोव्ह काढून टाकले, हात धुतले, ड्रॉवर उघडला आणि चिमट्याने कापूस उचलून ट्रेमध्ये ठेवला. मग नवे ग्लोव्ह घातले.

"आता तोंड उघड," मॅडम म्हणाल्या.