सुभेदाराचा माग

आमचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं आजी सांगायची. सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. बुडालेल्यांना तिथंच पुरलं, पुरुष एका उंचवट्याखाली, बायका दुसऱ्याखाली. अलिबागजवळ ती जागा आजही दाखवतात. मग घाणे घातले, शनिवारी बैल सोडून ठेवले, म्हणून लोक ‘शनवार तेली’ म्हणू लागले. इथवर गोष्ट प्रत्येक बेने इस्रायल, म्हणजे आम्हा कोकणातल्या यहुद्यांच्या, घरात एकच. पुढे मात्र ज्याचा त्याचा पूर्वज सुभेदार होतो आणि टिपू सुलतानाच्या कैदेत पडतो!

टिपूच्या कैदेतून सुटलेला नामांकित पुरुष म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अंमलदार. जात विचारल्यावर ‘बनी इस्रायल’ म्हणाला, तेव्हा टिपूच्या आईनं रदबदली केली, अशी आख्यायिका. सुटून आल्यावर १७९६ साली त्यानं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. आमच्याकडे त्याला ‘जुनी मशीद’च म्हणायचे.

आजीच्या गोष्टीतला आमचा सुभेदार शोधायचा तर अडचण नावांची. पलटणीच्या कागदांत हसाजी, इसाजी, मुसाजी. थडग्यांवर तेच यहेज्केल, इत्झहाक, मोशे. आडनावं गावांवरून पडलेली, त्यामुळे एकाच आडनावाची चार घराणी. शेवटी अलिबागकडच्या एका थडग्यानं गाठ घातली: वर हिब्रू, खाली मराठी, आणि सोबत बापाचं नाव. त्या बापलेकांच्या जोडीवरून कागदातला हसाजी ओळखू आला. आजीचा सुभेदार तिथं हवालदार निघाला, आणि टिपूनंतर कितीतरी वर्षांनी भरती झालेला.

त्याच्या नातवंडांनी पलटण धरली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फौजेत जातवार कंपन्या होऊ लागल्या. मूठभर बेने इस्रायलांची वेगळी कंपनी कुठून उभी राहणार? मग मुंबईत कारकुनी आली, रेल्वे आली. १९४८ नंतर पुष्कळ घरं इस्रायलला गेली: दिमोना, लोद, अश्दोद. तिथं ‘तुम्ही पुरते यहुदी का?’ हा प्रश्न पुढे आला. त्याविरुद्ध आमच्या लोकांनी धरणं धरलं, तेव्हा कुठे १९६४ साली बरोबरीचा हक्क मान्य झाला.

आजीनं हुद्दा वाढवला, टिपूही उसना घेतला. पण गाव आणि पलटण अचूक सांगितली होती, आणि त्यावाचून कागद उघडूनही काही सापडलं नसतं. तेव्हा दप्तरखान्यात जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि थडग्यांवरची अक्षरं पावसानं झिजण्याआधी उतरवून घ्या.