रमजानची सोळावी तारीख

इ. स. १८५७ च्या मे महिन्याची ११ तारीख आपणां सर्वांस पाठ असते. मीरतेहून रातोरात निघालेले शिपाई त्या सोमवारीं सकाळीं यमुनेवरील नावांच्या पुलावरून दिल्लींत शिरले. परंतु हिजरी सन १२७३ मधील रमजानची ती सोळावी तारीख होती, हें सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान, आणि इस्लामी पंचांगांत अधिक मास नाहीं. त्यामुळें रमजान सर्व ऋतूंतून फिरत राहतो. त्या सालीं तो दिल्लीच्या ऐन वैशाखांत आला होता. पहांटेच्या आधींपासून सूर्यास्तापर्यंत, पंधरा तासांच्या आसपास, पाण्याचा थेंबही वर्ज्य!

आपल्या नेहमींच्या एकादशीवरून या व्रताची कल्पना येत नाहीं. साबूदाण्याची खिचडी, रताळीं, केळीं यांनीं भरलेला उपास आपल्या ओळखीचा. म्हणूनच घरीं आलेल्या रोजेदार स्नेह्यास "अहो, फळ तरी घ्या, चहा चालेल ना?" असा आग्रह करणारीं सुशिक्षित घरें आजही आढळतात. आग्रह प्रेमाचाच, पण पुनःपुन्हां नाहीं म्हणण्याचा संकोच त्या बिचाऱ्यावर पडतो. ज्येष्ठांतील निर्जळी एकादशी करणाऱ्या आजीपुढें आपण पन्ह्याचा पेला धरीत नाहीं. मग येथेंच विसर कां पडावा?

दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर तेव्हां ८१ वर्षांचा होता. त्याची सत्ता नांवापुरती उरली होती. त्याच्या नांवानें लढावयास आलेल्या शिपायांत मात्र अयोध्या-बिहारकडील उच्चवर्णीय हिंदूंचा भरणा मोठा. एकमेकांचें पंचांग सांभाळण्याची संवय दिल्लीस नवी नव्हती. 'फूलवालों की सैर' या उत्सवांत मेहरौलीस फुलांचे पंखे ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्यांत वाहिले जात, तसेच योगमायेच्या देवळांतही. परंतु मेळ्यांतील सलोखा निराळा आणि वेढा पडलेल्या, उपासमारीच्या काठावरील शहरांतील सलोखा निराळा.

त्याची परीक्षा १ ऑगस्टला होती, कारण त्या दिवशीं बकरीद पडत होती. शहराबाहेरील टेकडीवर इंग्रजांचा तळ होता. गाय कापली जाईल, हिंदु शिपाई उसळतील आणि बंडवाले आपापसांतच लढून मरतील, असें तेथील अधिकारी उघड बोलत. जुलैच्या अखेरीस बादशहानें शहरांत गोहत्येस बंदी केली व मोडणाऱ्यास देहान्त शिक्षा ठरविली. मुसलमानांच्या घरच्या गाईंची नोंद करण्याचें काम कोतवालाकडे आलें. सर्व गाई कोतवालींत आणून बांधाव्या, असेंही ठरलें होतें. पण तेवढी जागा कोठून आणावी? शेवटीं मालकांकडून हमी लिहून घेण्यावर भागविलें. (आणीबाणींतही कचेऱ्यांचा कारभार असाच चालतो.) बाहेरून आलेले कांहीं गाझी हट्टास पेटले होते. त्यांची समजूत घालण्यास मुफ्ती सदरुद्दीन आझुर्दा यांस पाठविण्यांत आलें.

ईद शांततेनें पार पडली. इंग्रज अधिकाऱ्यांचीं त्या वेळचीं पत्रें उपलब्ध आहेत. शहरांत अपेक्षित दंगल न झाल्याची निराशा कर्नल कीथ यंग यांच्या पत्रांत लपत नाहीं. हर्वी ग्रेटहेड यांनीं तर, धर्मासाठीं लढणाऱ्या मुसलमानांस मुसलमान बादशहाच्या राज्यांत गाय कापतां येऊं नये, याचा उपहास केला आहे. उपहासामागें आश्चर्यच अधिक दिसतें.

हें सर्व राजकारण होतें, असें कोणी म्हणेल. होतेंच. सैन्य फुटूं न देणें बादशहास प्राप्तच होतें. तरीपण पथ्य ज्यांचा सण त्यांनींच पाळलें, ही गोष्ट मला लहान वाटत नाहीं. शेळी-मेंढीची कुरबानी धर्मास मान्य असल्यामुळें व्रत न मोडतां शेजाऱ्याचें मन राखतां आलें. रोजेदाराच्या बाबतींत आपणांकडून मागणें याहून कितीतरी हलकें आहे. सूर्यास्ताच्या घटकेस सभा ठेवूं नये, आमंत्रण द्यावयाचें तर इफ्तारनंतरचें द्यावें, आणि रोजा कां धरला अथवा कां धरला नाहीं, याची चौकशी करूं नये. आजारी माणूस आणि प्रवासी यांस कुराणानेंच सवलत दिली आहे. त्याचा हिशेब आपण मागणारे कोण?

सप्टेंबरांत दिल्ली पडली. इंग्रजांनीं रहिवाशांस शहराबाहेर काढलें. १८५८ पासून हिंदूंस हळूहळू आंत येऊं दिलें. मुसलमानांस मात्र १८५९ पर्यंत वेशीबाहेर थांबावें लागलें.